दिल्लीची कौटुंबिक सहल : आधी वार पाहावा, मग नकाशा

नवी दिल्ली : देशाची राजधानी एकदा तरी मुलांना दाखवावी, आई-वडिलांनाही सोबत न्यावे, आणि तेवढ्यात ताजमहालही पाहून यावा, अशी इच्छा बहुतेक मराठी कुटुंबांत असते. त्यासाठी वर्षभराची रजा साठवली जाते, पैसे बाजूला काढले जातात आणि दोन महिने आधी रेल्वेची तिकिटे काढली जातात. प्रत्यक्षात मात्र लाल किल्ल्याच्या दारात सोमवारी किंवा ताजमहालाच्या दारात शुक्रवारी उभे राहण्याची वेळ अनेकांवर येते. ही दोन्ही स्थळे त्या-त्या वारी बंद असतात. परतीची तिकिटे आधीच निघालेली असल्याने हुकलेला दिवस भरून काढणे शक्य होत नाही. म्हणूनच दिल्लीची सहल आखताना ‘काय पाहायचे’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वारी’ हा प्रश्न सोडवावा लागतो.

सुट्टी शाळेची, ऋतू दिल्लीचा

दिल्लीत फिरण्यास सर्वांत सुखद काळ म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर आणि पावसाळा सरल्यानंतरचे ऑक्टोबरचे पहिले काही आठवडे. मात्र, फेब्रुवारी-मार्च हा परीक्षांचा हंगाम असतो. शाळांच्या तीन प्रमुख सुट्ट्या, म्हणजे उन्हाळी, दिवाळीची आणि नाताळची, नेमक्या दिल्लीच्या तीन कठीण काळांत येतात. सुट्टी बदलता येत नसेल, तर दिवसाची आखणी बदलणे हाच मार्ग उरतो.

मे-जूनमध्ये राजधानीचा पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि ‘लू’ म्हणून ओळखले जाणारे कोरडे, उष्ण वारे वाहतात. या काळात सकाळी लवकर बाहेर पडून साडेदहा-अकरापर्यंत उघड्यावरील वास्तू पाहाव्यात, दुपार वातानुकूलित संग्रहालयात किंवा मुक्कामी घालवावी आणि सूर्य कलल्यावर पुन्हा निघावे. लाल किल्ला किंवा कुतुबमिनार भर दुपारी पाहणे लहान मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी धोक्याचे ठरू शकते.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत हवेचे प्रदूषण ही मुख्य अडचण असते. वाऱ्याचा मंदावलेला वेग, वाहनांचा धूर, शेजारच्या राज्यांत जाळले जाणारे भाताचे खुंट आणि फटाके यांमुळे हवेची गुणवत्ता झपाट्याने घसरते. हवा गुणवत्ता निर्देशांक २०० पर्यंत असेल तर हवा ‘मध्यम’ गटात मोडते. ३०० च्या पुढे ती ‘अतिशय वाईट’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’ मानली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ हा निर्देशांक दररोज जाहीर करते. घरात दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असल्यास दिवाळीनंतरच्या पंधरवड्यातील सहल टाळणे आणि प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते. स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. प्रदूषण वाढल्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात आणि तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल श्रेणीच्या चारचाकी गाड्यांना दिल्लीत मज्जाव केला जातो.

डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दाट धुके पडते. रेल्वेगाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि विमानांची उड्डाणेही लांबतात. त्यामुळे या दिवसांत परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर किंवा शाळेत रुजू होण्याचा बेत आखू नये; मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.

राष्ट्रीय सणांचाही हिशेब आवश्यक आहे. २६ जानेवारीच्या संचलनासाठी कर्तव्यपथाच्या परिसरात आधीपासून रंगीत तालमी होतात आणि रस्ते बंद ठेवले जातात. १५ ऑगस्टच्या समारंभापूर्वी लाल किल्ला काही दिवस पर्यटकांसाठी बंद असतो. संचलन पाहण्याचाच उद्देश असेल तर त्याची तिकिटे आधी मिळवावी लागतात. तो उद्देश नसेल तर जानेवारीचा शेवटचा पंधरवडा टाळलेलाच बरा.

सोमवार आणि शुक्रवार

दिल्लीच्या सहलीत सोमवार हा सर्वांत अवघड वार आहे. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्ती परिसरातील प्रधानमंत्री संग्रहालय, चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम मंदिर आणि कमळाच्या आकाराचे बहाई उपासना मंदिर ही सारी ठिकाणे सोमवारी बंद असतात. राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये जनतेसाठी खुले होते. तेही सोमवारी बंद असते.

सोमवार दिल्लीतच काढावा लागला तरी तो वाया जात नाही. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि पुराना किला या पुरातत्त्व खात्याच्या वास्तू त्या दिवशी खुल्या असतात. इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक आणि बंगला साहिब गुरुद्वारा यांनाही भेट देता येते.

शुक्रवारचे गणित वेगळे आहे. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. हजरत निजामुद्दीन स्थानकातून आग्र्याकडे जाणारी गतिमान एक्सप्रेसही शुक्रवारी धावत नाही. दिल्लीचे राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय याच दिवशी बंद असते आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो.

आग्रा आधी की दिल्ली आधी

बहुतेक कुटुंबे प्रथम दिल्लीला पोहोचतात, तेथून एक दिवस आग्र्याला जाऊन रात्री परततात. या एका दिवसात जाऊन-येऊन ४०० किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. पुणे, नाशिक, भुसावळ, नागपूर या मार्गांनी भोपाळ व झाशीवरून दिल्लीला जाणाऱ्या अनेक गाड्या आग्रा कॅन्टोन्मेंट स्थानकावरूनच पुढे जातात. पंजाब मेल, झेलम एक्सप्रेस आणि वास्कोहून बेळगाव-पुणेमार्गे येणारी गोवा एक्सप्रेस या गाड्या तेथे थांबतात. त्यामुळे जाताना आग्र्यालाच उतरून, ताजमहाल पाहून मग दिल्लीकडे निघाले, तर उलट प्रवास पूर्णपणे वाचतो. पश्चिम रेल्वेच्या सुरत-वडोदरा-कोटा मार्गावरील गाड्या मात्र आग्र्याला न जाता मथुरेवरून दिल्लीला पोहोचतात; त्यांपैकी मथुरेला थांबणारी गाडी निवडल्यास तेथून आग्रा तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. सुट्टीच्या हंगामात ते पहिल्याच दिवशी करणे हिताचे असते. ५ वर्षांखालील मुलांना स्वतंत्र आसन न घेतल्यास तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र शायिका घेतल्यास पूर्ण भाडे आकारले जाते. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली, हे खर्चाचा अंदाज बांधताना ध्यानात घ्यावे.

तिकिटावरील स्थानकाचे नावही नीट वाचावे. नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार ही चार वेगवेगळी मोठी स्थानके आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या अनेक गाड्यांचा प्रवास हजरत निजामुद्दीनलाच संपतो. परतीची गाडी कोणत्या स्थानकातून सुटते, याची खातरजमा आदल्या दिवशीच करावी.

मुक्काम मेट्रोजवळ

दिल्ली मेट्रो २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर सुरू झाली. आज राजधानीतील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे तिच्या टप्प्यात आहेत. मुक्कामासाठी जागा निवडताना खोलीच्या भाड्याइतकेच मेट्रो स्थानकाच्या अंतराला महत्त्व द्यावे. नवी दिल्ली स्थानकालगतचे पहाडगंज आणि त्यापुढचे करोल बाग या भागांत मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारी हॉटेले मोठ्या संख्येने आहेत.

मेट्रोत ३ फुटांपर्यंत उंचीच्या मुलाला मोठ्या माणसासोबत तिकीट लागत नाही. एक व तीन दिवसांची पर्यटक कार्डे मिळतात. गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. विमानाने येणाऱ्यांना विमानतळ मार्गाने टर्मिनल ३ पासून नवी दिल्ली स्थानकापर्यंत सुमारे २० मिनिटांत पोहोचता येते.

कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग येथे महाराष्ट्र सदनाच्या दोन इमारती आहेत. तेथील खोल्यांसाठी लोकप्रतिनिधी व शासकीय अधिकाऱ्यांना प्राधान्य असते. त्यामुळे आगाऊ लेखी निश्चिती नसल्यास त्या भरवशावर जाऊ नये.

एक दिवस, एक दिशा

दिल्ली पाहताना होणारी दुसरी मोठी चूक म्हणजे एकाच दिवशी शहराच्या चारही टोकांना धावणे. स्थळांची दिशेनुसार विभागणी केल्यास वेळ, पैसा आणि पायांचे कष्ट वाचतात.

पहिला दिवस जुन्या दिल्लीचा ठेवता येतो. शाहजहानने १६३९ मध्ये बांधायला घेतलेला आणि १६४८ मध्ये पूर्ण झालेला लाल किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००७ पासून आहे. मेट्रोचे लाल किल्ला स्थानक त्याच्या समोरच आहे. किल्ल्यातून बाहेर पडल्यावर चांदणी चौक, शीशगंज गुरुद्वारा आणि जामा मशीद ही स्थळे पायी किंवा सायकलरिक्षाने गाठता येतात. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी असल्याने मुलांना घेऊन चालणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

दुसरा दिवस नव्या दिल्लीसाठी असावा. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि एडविन लुटियन्स व हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या नव्या शहराचे उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. ३४० दालनांचे राष्ट्रपती भवन ठरावीक दिवशी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून पाहता येते. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी पाहता येते. त्यानंतर १४ एप्रिल २०२२ रोजी खुले झालेले प्रधानमंत्री संग्रहालय आणि सायंकाळी ४२ मीटर उंचीचे इंडिया गेट व त्यालगतचे राष्ट्रीय युद्धस्मारक असा क्रम सोयीचा ठरतो. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तेथे प्रवेश निःशुल्क आहे.

तिसरा दिवस दक्षिण दिल्लीचा. ७२.५ मीटर उंचीच्या कुतुबमिनाराच्या आवारातच गुप्तकालीन लोहस्तंभ आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्याला फारसा गंज चढलेला नाही. मिनाराच्या आतील जिना १९८१ च्या दुर्घटनेनंतर बंद आहे, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. ‘कुतुबमिनार’ नावाचे मेट्रो स्थानक वास्तूपासून दूर असल्याने तेथून रिक्षा करावी लागते. त्यानंतर कालकाजी मंदिर स्थानकाजवळील बहाई उपासना मंदिर आणि अखेरीस हुमायूनची कबर पाहता येते. सोळाव्या शतकातील या कबरीच्या बांधणीत पुढे ताजमहालात पूर्णत्वाला गेलेल्या शैलीची सुरुवात दिसते. तिच्या आवारातील नवे भूमिगत संग्रहालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले.

यमुनेपलीकडील अक्षरधाम मंदिराला स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा. तेथे मोबाइल, कॅमेरा आणि पिशव्या नेता येत नाहीत. त्या जमा करण्याच्या रांगेतही वेळ जातो. आत गेल्यावर चुकामूक झाल्यास फोनची सोय नसते. म्हणून भेटण्याची जागा आधीच ठरवावी आणि लहान मुलांच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

मराठी इतिहासाच्या खुणा

मराठी कुटुंबांना दिल्ली व परिसरात आपल्या इतिहासाचे काही धागेही सापडतात. तालकटोरा परिसरात १७३७ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेने मोगल सैन्याचा पराभव केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच परिसरातील तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या काळात मोहिमेच्या खर्चासाठी काढण्यात आले होते. १७७२ मध्ये बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत परतला आणि १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर दिल्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली.

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात युद्ध झाले ते पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे. शहराजवळील ‘काला आम’ येथे या युद्धाचे स्मारक असून सकाळी निघून सायंकाळपर्यंत परतता येते. दिल्लीतील अलीपूर मार्गावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले, त्या जागी उभारलेले राष्ट्रीय स्मारक एप्रिल २०१८ मध्ये खुले झाले.

ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला

ताजमहालाला सूर्योदयाच्या सुमारास पोहोचणे सर्वांत चांगले. गर्दी कमी असते आणि ऊनही सोसवते. भारतीय नागरिकांसाठी प्रवेशशुल्क ५० रुपये आणि मुख्य समाधीच्या दालनासाठी आणखी २०० रुपये आहे. १५ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. त्यांचे वय दाखवणारे ओळखपत्र जवळ असावे. प्रवेश घेतल्यापासून तीन तासांपर्यंत आत थांबता येते. तिकिटे पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावरून काढल्यास रांग टळते. खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. पेट्रोल-डिझेलची वाहने बरीच अलीकडे थांबवली जातात. तेथून विजेवर चालणारी वाहने मिळतात. पौर्णिमेच्या रात्री आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या दोन-दोन रात्री मर्यादित संख्येने रात्रदर्शनाची सोय असते. शुक्रवार आणि रमजानचा महिना त्याला अपवाद आहे.

आग्र्याचा किल्ला बहुतेक सहलींत घाईने उरकला जातो. छत्रपती शिवाजी महाराज मे १६६६ मध्ये औरंगजेबाच्या दरबारात आले ते याच किल्ल्यात आणि ऑगस्टमध्ये आग्र्याच्या नजरकैदेतून ते निसटले. किल्ल्याच्या प्रवेशद्वारासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. येथे किमान दोन तास ठेवावेत. अकबराची राजधानी असलेले फत्तेपूर सिक्री आग्र्याहून सुमारे ४० किलोमीटरवर असून त्यासाठी वेगळा अर्धा दिवस लागतो.

मथुरा-वृंदावन वाटेत असले तरी तेथील बहुतेक मंदिरे दुपारी काही तास बंद असतात. दुपारी बारानंतर पोहोचणाऱ्यांना दर्शनासाठी सायंकाळपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे आग्रा आणि मथुरा एकाच दिवशी उरकण्याचा बेत बहुधा दोन्हींवर अन्याय करतो. सुमारे २७० किलोमीटरवरील जयपूर किंवा सव्वादोनशे किलोमीटरवरील हरिद्वार यांचा समावेश करायचा असल्यास किमान दोन दिवस आणि एक मुक्काम वाढवावा.

आठवड्याची एक आखणी

या सर्व बाबींचा मेळ घालून आठवड्याची एक आखणी अशी करता येते. शनिवारी गावाहून निघून रविवारी आग्र्याला मुक्काम करावा. दिल्लीसाठी अडचणीचा असलेला सोमवार ताजमहाल आणि आग्र्याच्या किल्ल्याला द्यावा. दोन्ही त्या दिवशी खुले असतात. सायंकाळच्या गाडीने दिल्ली गाठावी. मंगळवारी जुनी दिल्ली, बुधवारी नवी दिल्ली, गुरुवारी दक्षिण दिल्ली पाहावी. शुक्रवारी अक्षरधाम आणि थोडी खरेदी, एवढाच सैल कार्यक्रम ठेवावा, म्हणजे आधीच्या दिवसांत राहून गेलेले एखादे स्थळ त्यात बसवता येते. शनिवारी परतीचा प्रवास सुरू करावा. गाडी पकडण्याच्या सोयीनुसार एखादा दिवस पुढे-मागे झाला तरी सोमवार आग्र्यात आणि शुक्रवार दिल्लीत हे सूत्र मोडू नये.

ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी

दिल्लीतील वास्तूंची आवारे विस्तीर्ण आहेत आणि दिवसाकाठी कित्येक किलोमीटर चालणे होते. ज्येष्ठ सोबत असल्यास दिवसाला दोनच मोठी स्थळे ठेवावीत. नेहमीची औषधे पूर्ण प्रवासाला पुरतील एवढी, आणि ती रेल्वेत हाताशी राहतील अशा पिशवीत असावीत. सर्वांची ओळखपत्रे मूळ स्वरूपात जवळ ठेवावीत.

नवी दिल्ली स्थानकाबाहेर ‘तुमची गाडी रद्द झाली आहे’, ‘तुमचे हॉटेल बंद आहे’ असे सांगून प्रवाशांना खासगी कार्यालयांत नेण्याचे प्रकार घडतात. गाडीची खात्री रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर किंवा स्थानकातील चौकशी खिडकीवरच करावी, हॉटेलला स्वतः फोन करावा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि पर्यटकांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे.

प्रवेशशुल्क, वेळा आणि सुट्टीचे वार यांत अधूनमधून बदल होतात. सुरक्षेच्या कारणास्तव एखादे स्थळ अचानक बंदही ठेवले जाते. म्हणून रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी एकदा आणि घरून निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा त्या-त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. आई-वडिलांचे वय, मुलांच्या सुट्ट्या आणि घरातील मिळकत यांचा मेळ साधून अशी सहल फार थोड्या वेळा घडते. तिचा एकही दिवस बंद दारासमोर जाऊ नये, यासाठी एवढी खबरदारी पुरेशी आहे.